ओट्याची उंची

माझ्या धाकट्या भावाला ओळखीतले सगळे बिऱ्हाड म्हणतात. विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर, त्यातला तो. ओल आलेलं, भावाभावांच्या भांडणात अडकून स्वस्तात निघालेलं घर घ्यायचं, बायकोला घेऊन त्यातच राहायला जायचं, एकेक खोली दुरुस्त करत शेवटी स्वतःची झोपायची खोली रंगवायची, आणि घर विकून पुढच्या पडक्या घरात. भाडं वाचतं, रखवालदार लागत नाही, असा त्याचा हिशेब. भावजय हसून म्हणायची, "आमच्याकडे यायचं तर आधी पत्ता विचारून या." नव्या स्वयंपाकघरात तिचा हात बसतोय न बसतोय तोवर पिशव्या भरायची वेळ यायची. मी असते तर पातेलं फेकून मारलं असतं. ती कपबशा कागदात गुंडाळायला घ्यायची.

आता यात पैसा कोणाचा? त्याचा थोडा, बाकी लोकांचा. बँकेत गेला तर बँक विचारते, पगाराची स्लिप कुठे आहे? आणि छत गळणाऱ्या घरावर ती कर्ज देत नाही. मग तो माणसांकडून घेतो. निवृत्तीचे पैसे पडून आहेत, बँकेच्या व्याजात औषधंही भागत नाहीत, अशी माणसं. तो त्यांना बँकेपेक्षा बरं व्याज देतो, घर त्यांच्याकडे गहाण ठेवतो, कागद पक्का करतो. घर विकलं की मुद्दल परत. मुदतीत नाही विकलं तर घर त्यांचं. आजवर ती वेळ आली नव्हती. व्याज तो स्वतः नेऊन देतो. मोबाईलवरून पाठव म्हटलं तर म्हणतो, "माझं तोंड दिसलं की त्यांना झोप लागते." त्या तोंडाकडे बघून कोणाला झोप लागते देव जाणे, पण लागत असावी, कारण तीच माणसं पुन्हा पुन्हा पैसे देतात.

या वेळचे पैसे कंपाउंडरचे होते. मी दवाखान्यात केसपेपरच्या खिडकीवर बसते. कंपाउंडर तिथेच पुड्या बांधून बांधून निवृत्त झाले. माणूस सरळ, पण असा चिकट की दुसऱ्याने चहात साखर किती घातली तेही बघणार. बायकोचे गुडघे गेलेत. घर तिसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. ती बाई घरातून खाली उतरल्याला वर्ष होऊन गेलं होतं. खिडकीतून भाजीवालीशी ओरडून बोलायची, तेवढंच जग. कंपाउंडरना तळमजल्यावर दोन खोल्या घ्यायच्या होत्या आणि थोडे पैसे कमी पडत होते. वर्षभर व्याजावर लावले तर जमेल असा त्यांनी हिशेब काढला. मला विचारलं, "तुमचा भाऊ कसा आहे हो?" मी म्हटलं, "वाकडा आहे, पण बुडवणार नाही." एवढ्या एका वाक्यावर त्या चिकट माणसाने जन्माची पुंजी काढून दिली.

घर घेतलं, फोडलं, आणि भिंती अर्ध्या उघड्या असताना भावजय गेली. डोकं दुखतंय म्हणून आडवी झाली, ती उठलीच नाही. आमच्याच दवाखान्यात आणली होती. केसपेपरवर तिचं नाव मीच लिहिलं. उपयोग झाला नाही.

भाऊ रडला नाही. तिसऱ्या दिवशी बाथरूमच्या लाद्या उचकटायला बसला. लोक म्हणाले, खंबीर आहे. कसला डोंबलाचा खंबीर, दगड झाला होता. जेव म्हटलं की जेवायचा. झोप म्हटलं की आडवा व्हायचा. कसा आहेस विचारलं तर म्हणायचा, "पाण्याची लाइन बदलायची राहिलीय." तिचा विषय काढला की उठून नळ तपासायला जायचा. मी दोनदा खरमरीत बोलले, दोनदा गोड बोलले. त्यापेक्षा भिंतीशी बोलले असते तर निदान पुट्टी तरी पडली असती.

घर मात्र सुरेख झालं. खोटं कशाला बोलू? बाहेरच्या खोलीत उजेड आला, दारं आवाज न करता लागायला लागली, बाथरूममध्ये पाय घसरणार नाही अशी लादी बसली. एजंट खूश. हा एजंट म्हणजे बोलबच्चन माणूस, दगडालाही घर विकेल. त्याने गिऱ्हाइकांची रीघ लावली. नवरा-बायको यायचे, खिडक्या उघडायचे, "वा, छान आहे" म्हणायचे, स्वयंपाकघरात जायचे, आणि बाहेर येईपर्यंत त्यांचा सूर बदललेला असायचा. "कळवतो." कळवायचे कोणी नाहीत. किंमत उतरवली, तरी तेच. एजंटने फोन करून विचारलं तर धड कारणही कोणाला सांगता येईना. एकीने सांगितलं, स्वयंपाकघरात अवघडल्यासारखं होतं. दुसरी म्हणाली, आवडलं पण मनात भरलं नाही. एजंट म्हणाला, "घराला नजर लागलीय." मी म्हटलं, "तुझ्या जिभेला लागायला हवी होती."

मुदत संपत आली. कंपाउंडर खिडकीवर आले. रांग सोडून आले नाहीत, रांगेत उभे राहून आले, तेव्हाच मी काय ते ओळखलं. म्हणाले, "ताई, मी तळमजल्याच्या खोल्यांना टोकन देऊन बसलोय. मालक या महिन्यापलीकडे थांबणार नाही. तुमच्या भावाचं घर कागदाने माझं होईल, ते खरं. पण त्याचं मी काय करू? तेही दुसऱ्या मजल्यावर. आमच्या हिला एका जिन्यावरून काढून दुसऱ्या जिन्यावर नेऊन बसवू?" आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मला भांडता आलं असतं.

सुट्टी टाकून मी तडक भावाकडे गेले. तो बाहेरच्या खोलीत खिडकीच्या काचेवरचे रंगाचे ठिपके ब्लेडने खरवडत होता.

"महिनाअखेर मुदत संपतेय," मी म्हटलं.

"हो."

"घर जाईल. तुझा होता नव्हता तो पैसा यात आहे."

"जाऊ दे."

"आणि ती बाई तिसऱ्या मजल्यावर मरेपर्यंत बसून राहील. माझ्या शब्दावर दिलेत त्यांनी पैसे."

"हं," म्हणाला, आणि पुढचा ठिपका खरवडायला लागला.

त्याच्या त्या हं-चा मला असा संताप आला की हात शिवशिवायला लागले. राग आला की मी काम काढते, नाहीतर तोंडातून नको ते जातं. स्वयंपाकघरात गेले, टोपलीतले होते नव्हते तेवढे कांदे काढले आणि चिरायला घेतले. तिसऱ्या कांद्याला कंबर भरून आली. मी काही ताडमाड बाई नाही, चारचौघींसारखी. पाय मागे घेऊन बघितले, पुढे घेऊन बघितले. शेवटी सुरी ठेवली आणि ओरडले, "अरे, हा ओटा काय बाहुल्यांसाठी बांधलायस?"

तो दारात आला. "नेहमीचाच आहे."

"मोज."

त्याने खिशातला टेप काढून ओटा मोजला. टेप आत घेतला, बाहेर काढला, पुन्हा मोजला. मग रंगाचा रिकामा डबा उपडा करून त्यावर बसला.

"ओटा मी टेपने घेत नाही," तो म्हणाला. "सगळं टेपने घेतो, ओटा नाही. तिला हाक मारायचो. ती भिंतीशी उभी राहायची, पदर खोचून. कमरेपाशी पेन्सिलने खूण करायचो. ती ठेंगणी, म्हणून घर घेणाऱ्यांसाठी वर चार बोटं वाढवायचो. प्रत्येक घरात असंच."

"आणि या घरात?"

"या घरातही कमरेपाशी खूण केली."

"अरे, कोणाच्या कमरेपाशी?"

"मला ठाऊक आहे ना तिची कंबर कुठे येते," तो म्हणाला, आणि भिंतीसमोर हवेत हात धरून दाखवला. "चार बोटं घालायची राहिली."

कांदा होताच, त्याच्यावर ढकलून डोळे पुसले.

पुढचं सगळं मग भराभर झालं. एजंटने त्या आवडलं पण मनात भरलं नाही-वाल्या बाईला पुन्हा आणलं, ओटा उचलून देतो म्हणून सांगितलं, ती कबूल झाली. सौदा उतरवलेल्या किमतीत झाला. भावाच्या हातात मेहनतीचेही पैसे धड उरले नाहीत, पण कंपाउंडरचे महिना संपायच्या आत मिळाले. त्यांच्या बायकोला दोघांनी खुर्चीत बसवून खाली आणलं. आता ती दारात बसून येणाऱ्याजाणाऱ्याला अडवते, चौकशा करते, आणि कंपाउंडर वैतागलेत. मला म्हणाले, "वरच बरी होती."

पण हे नंतरचं. आधी ओटा उचलायला हवा होता.

त्या सकाळी मीही गेले. गवंडी आला होता. वरचा दगड काढायला भावाने त्याला हात लावू दिला नाही, स्वतः पहार घेतली. खालची फट हळूहळू मोकळी करत गेला. चेहऱ्यावर काही नाही, रोजच्यासारखाच. दगड अखंड निघाला. दोघांनी मिळून तो भिंतीला टेकवून ठेवला. खाली विटांची उघडी रांग राहिली. गवंड्याने माल कालवला, थापी भरून घेतली आणि विचारलं, "किती वाढवू?"

भावाने टेप काढला नाही. विटांवर हात आडवा ठेवला, चार बोटं एकावर एक.

"एवढं."

गवंड्याने मान हलवली आणि थांबला. भावाचा हात तसाच. गवंडी म्हणाला, "शेठ, हात काढा, माल सुकतोय." त्याने काढला नाही. मी जवळ गेले. त्याचा खांदा थरथरत होता. इतके महिने मी ज्याची वाट बघत होते ते समोर आलं आणि मला नकोसं झालं.

"ताई," तो म्हणाला, "ती गेली गं."

"हो रे," मी म्हटलं. "गेली."