न कळलेलं सांग नि जा

आमच्या गुरुजींनी वर्गातली एकुलती एक खुर्ची पाण्याच्या माठाला देऊन टाकली होती. तपासणीला साहेब आले की माठ खाली उतरायचा, खुर्ची पुसली जायची, साहेब बसायचे. साहेबांची पाठ वळली की माठ पुन्हा आपल्या जागी. "बसलेल्या मास्तरला पहिलीच ओळ दिसते," असं गुरुजी म्हणायचे. स्वतः ते दिवसभर उभे. पाच वाजता मात्र ते दाराच्या चौकटीला वर हात टेकून उभे राहायचे, आणि त्यांना चुकवून घरी जाणं कुणालाही जमत नसे. गावात त्यांचं नाव 'उंबऱ्यावरचे मास्तर' असंच पडलं होतं.

ही नव्या मुंबईतल्या शिरवण्याची, ऐंशी सालाच्या आगेमागची गोष्ट. वडिलांना रबाळ्याच्या एका कंपनीत नोकरी लागली म्हणून आम्ही मुंबईतली चाळीची खोली सोडून नव्या बिल्डिंगीत राहायला आलो. बिल्डिंग तयार होती, जिन्याला अजून चुन्याचा वास होता, पण आमची शाळा नकाशातून खाली उतरली नव्हती. तेव्हा आम्हा पाचसात 'बिल्डिंगवाल्यां'ची रवानगी गावातल्या शाळेत झाली. मी चौथीत होते. गळ्यात पाण्याची बाटली, पायात बूट आणि डोक्यात भरपूर हवा, अशी मी पहिल्या दिवशी वर्गात शिरले.

वर्गात बाकं नव्हती, बस्करपट्ट्या होत्या. त्या कशा अंथरायच्या याचं गुरुजींचं एक शास्त्र होतं. तिन्ही भिंतींना धरून पट्ट्या, मधली जागा मोकळी. "मला प्रत्येकाच्या पाटीपर्यंत जायला वाट पाहिजे," ते म्हणायचे. दर सोमवारी अख्खी ओळ दोन जागा पुढे सरकायची, त्यामुळे कोपरा कुणाच्याच मालकीचा नव्हता. आम्ही बिल्डिंगवाले पहिले दोन दिवस एकमेकांना चिकटून बसलो. तिसऱ्या दिवशी गुरुजींनी आम्हाला उचलून एकेका गाववाल्याच्या शेजारी नेऊन ठेवलं. माझ्या वाट्याला यमुना आली.

आणि मग पाच वाजता उंबरा. शेवटची घंटा झाली की आम्ही दप्तरं घेऊन रांगेत उभे राहायचो. गुरुजी म्हणायचे, "न कळलेलं सांग नि जा." आज शिकवलेल्यातलं जे कळलं नसेल ते एका वाक्यात सांगायचं. उत्तर तिथे मिळत नसे. गुरुजी नुसती मान हलवायचे आणि बोटांची पेरं मोजायचे, एका अडचणीला एक पेर. चाळीस पोरांची रांग दहा मिनिटांत संपायची. दुसऱ्या दिवशीचा धडा पुस्तक सांगेल तिथून नाही, तर ज्या पेरावर जास्त पोरं अडली असतील तिथून सुरू व्हायचा. एकदा एका पोराने विचारलं, "गुरुजी, पृथ्वी फिरते, तर आमची विहीर सांडत कशी नाय?" दुसऱ्या दिवशी भूगोल विहिरीपासून सुरू झाला आणि दुपारपर्यंत विहिरीतच राहिला.

"सगळं कळलं" हे उत्तर मात्र त्यांना चालायचं नाही. "सगळं तर मलापण कळलेलं नाही," ते म्हणायचे आणि त्या पोराला आत परत पाठवायचे. काहीतरी आठवेपर्यंत बसायचं.

मी हुशार होते असं नाही, पण चलाख होते. मला भागाकार अजिबात येत नव्हता. सगळ्यांदेखत ते कबूल करायची माझी तयारी नव्हती. मग मी घरून एक छानसा प्रश्न बेतून आणायचे, मला उत्तर ठाऊक असलेला. "गुरुजी, भागाकार करताना वरचा आकडा खाली का उतरवतात?" असं मोठ्या भोळेपणाने विचारायचे, म्हणजे बाकीचं सगळं येतंय असं वाटावं. गुरुजी मान हलवायचे, मी सगळ्यांच्या आधी बाहेर. तो आकडा का उतरवतात हेही मला यमुनेनेच समजावलेलं असायचं, मधल्या सुट्टीत, बोराची बी जमिनीवर फिरवून.

यमुना रोज आत अडकायची. तिचं उत्तर ठरलेलं. "मना सगला समजला, गुरुजी." गुरुजी हसायचे, आत बोट दाखवायचे. ती जाऊन माठाशेजारी बसायची, पोरं गेली की पुन्हा उभी राहायची आणि पुन्हा तेच सांगायची. शेवटी कंटाळून गुरुजीच तिला सोडायचे. तोवर साडेपाच झालेले असत. मी तिला म्हटलं, "अगं, काहीतरी ठोकून दे ना. मी देते तसं." तिने माझ्याकडे असं पाहिलं की मला अजून आठवतं. "खोटा कशाला सांगू?" ती म्हणाली. "मना समजलाय."

तिची आई संध्याकाळी आमच्या बिल्डिंगीखाली मासे घेऊन बसायची. एक दिवस माझी आई निवट्यांचा भाव करून वर आली आणि मला म्हणाली, "तुझ्या त्या यमुनेचं नाव शाळेतून काढणार म्हणते तिची आई. बाळाला सांभाळायला पोरगी वेळेवर पोचत नाही, आणि हिला टोपली घेऊन निघायला उशीर होतो. रोज थांबवून घेतात म्हणजे पोरगी ढ असणार, मग शाळा कशाला, म्हणाली. सोमवारपासून बंद."

त्या दिवशी शुक्रवार होता. म्हणजे मध्ये शनिवारची सकाळची शाळा तेवढी उरली होती. यमुनेला खरंच सगळं येतं हे गुरुजींना सांगायचं, तर मला तीच शिकवते हे माझं बिंगही फुटणार होतं, आणि नाही सांगायचं तर माझ्याशेजारची जागा रिकामी होणार होती. खरं सांगते, आधी मला माझ्या भागाकाराचीच काळजी वाटली. यमुनेची नंतर वाटली. पण वाटली तेव्हा पुष्कळ वाटली.

शनिवारी रांगेत माझी पाळी आली. माझ्यापुढची यमुना नुकतीच आत परत गेली होती. गुरुजी म्हणाले, "सांग नि जा." मी एका दमात बोलून टाकलं. "गुरुजी, यमुना रोज खरं सांगते आणि तिला थांबायला लागतं. मी रोज खोटं सांगते आणि मला जायला मिळतं. ते मला कळलं नाही."

गुरुजींची बोटं पेरांवर थांबली. त्यांनी चौकटीवरचा हात काढला, आत गेले आणि माठाशेजारी यमुनेसमोर उकिडवे बसले. आठवडाभरात शिकवलेलं एकेक विचारत गेले. भागाकार, नद्या, कविता, पुन्हा भागाकार. ती सांगत गेली, कुठे अडली नाही आणि कुठे फुशारलीही नाही. शेवटी गुरुजींनी पुढच्या धड्यातलं एक विचारलं. "ता तुमी अजून शिकवला नाय," ती म्हणाली.

ते तिच्याबरोबर तिच्या घरी गेले. मीही मागोमाग गेले, मला जा म्हणायचं कुणाच्या लक्षात राहिलं नव्हतं. गुरुजी मूळचे उरणकडचे. शाळेत पुस्तकासारखे बोलणारे गुरुजी ओटीवर बसून घरच्या बोलीत बोलताना मी पहिल्यांदा ऐकले. "बाय, पोरीचा दोष नाय. चूक माजी हाय. खोटा मना लगेच वलखता येते. खरा नाय वलखता आला."

यमुनेची आई बाळाला मांडीवर घेऊन बसली होती. तिने आधी गुरुजींना पाणी दिलं. मग म्हणाली, "मास्तर, तुमी चुकलाव तं चुकलाव. मी आई हाय तिची. मी तरी तिला इचाराचा व्हता." आणि सोमवारी यमुना शाळेत आली.

घरी परतताना गुरुजी मला एवढंच म्हणाले, "तुझे प्रश्न खोटे असतात हे मला माहीत होतं. पण ते बाकीच्यांच्या उपयोगाचे होते, म्हणून तुला सोडत होतो. तेही चूकच. सोमवारपासून भागाकार." रागावले नाहीत. ते रागावले असते तर मला बरं वाटलं असतं.

त्यानंतर "सगळं कळलं" हे उत्तर उंबऱ्यावर चालायला लागलं. पहिल्या दिवशी अर्ध्या वर्गाला सगळं कळलं. गुरुजींनी एकालाही अडवलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी प्रत्येकाला एकेक प्रश्न विचारला, आणि संध्याकाळी "सगळं कळलं" म्हणणारी पुन्हा यमुना एकटीच उरली.

यमुना पुढे शिकली, न्हावा शेव्याला बंदराच्या कचेरीत लागली. मी शिक्षिका झाले. माझ्या वर्गात खुर्ची आहे, पण मी तिच्यावर बसत नाही. मूल "कळलं" म्हणालं की मला आजही आधी यमुना आठवते, आणि मग मी.

चौथीच्या शेवटी गुरुजींची बदली झाली. शेवटच्या दिवशी त्यांनी नेहमीसारखी रांग लावली, नेहमीसारखी पेरं मोजली. ती कोणत्या उद्यासाठी मोजत होते, देव जाणे. रांग संपली, पण बाहेर गेलेलं एकही पोर घरी गेलं नव्हतं. गुरुजी पिशवी घेऊन निघाले, तर यमुना उंबऱ्यावर उभी. तिचा हात चौकटीला तितका वर पोचत नव्हता, म्हणून तिने तो कडीवर ठेवला होता.

"गुरुजी, आज तुमी सांगा," ती म्हणाली.

गुरुजी थांबले. पिशवी खाली ठेवली. सवयीने आधी थोडं हसले, मग हसणं राहून गेलं. "इतकी वर्षं झाली पोरी, पण पोराच्या तोंडाकडे बघून त्याला कळलं की नाही, हे मला अजून कळत नाही."

यमुनेने ते नीट ऐकून घेतलं. मान हलवली, बोटाचं एक पेर मोजलं आणि बाजूला सरली.

"आता जा, गुरुजी," ती म्हणाली.