मायचा ओटा आणि दोन शोषखड्डे

शौचालय कसं बांधायचं याची एक सरकारी पुस्तिका आमच्या घरात आहे. शोषखड्डे दोन हवेत, दोहोंत मीटरभर अंतर हवं, विहिरीपासून ते दहा मीटर लांब हवेत, बांधकाम जाळीचं हवं, झाकण हवाबंद हवं. सगळं त्यात आहे. खड्डा कुठे आहे हे बायकोला कधी सांगायचं, तेवढं मात्र कुठल्याच पानावर नाही. त्या एका उणिवेपायी आमच्या घरात जे झालं ते मी डोळ्यांनी पाहिलंय.

झरीच्या अलीकडे आमचं गाव. चार वर्षांपूर्वी योजनेत आमचं शौचालय मंजूर झालं. खड्ड्याचं माप ऐकून वडील भडकले होते. "एवढुशा खड्ड्यात काय मावतंय? माणसं हाव का चिमण्या?" त्यांना विहिरीएवढा खड्डा हवा होता. मग तालुक्याच्या इंजिनिअर साहेबांनी समजावलं की एका वेळी एकच खड्डा चालवायचा. तो भरला की मधलं चेंबर उघडायचं, पहिल्याच्या तोंडात वीट लावायची आणि पाणी दुसऱ्यात सोडायचं. पहिल्यातल्या मालाचं दोन वर्षांत खत होतं. वडिलांना हे इतकं पटलं की पुढे सहा महिने एसटीत शेजारी बसेल त्याला ते शोषखड्डा समजावत होते. माणूस अलीकडच्या थांब्यावर उतरून जायचा.

खड्डे खोदले गेले तेव्हा माय सोनपेठला माहेरी होती. काम झालं, विटा-सिमेंट उरलं, आणि मिस्त्रीला कलाकारी सुचली. दोन्ही खड्ड्यांची झाकणं आणि मधलं चेंबर झाकून त्याने वर एकच गुळगुळीत ओटा करून टाकला. माय परत आली ती थेट ओट्यापाशीच थांबली. लग्न झाल्यापासून ती ओटा मागत होती, पापड-कुरडया वाळवायला आणि दोन घटका टेकायला. तिने वडिलांना विचारलं, "माझ्यासाठी केलाव?"

वडील म्हणाले, "हां."

एवढाच त्यांचा गुन्हा. पण तो त्यांनी चार वर्षं निभावला. त्या ओट्यावर चार उन्हाळ्यांच्या कुरडया वाळल्या. बहिणीच्या सासरी डबे गेले. "तुमच्या मायच्या हाताला काय चव हाय," असे निरोप आले की वडील उठून म्हशीकडे जायचे. मला वाटायचं, त्यांना म्हशीचा लळा आहे.

यंदा उन्हाळ्याच्या सुट्टीत मी सेलूहून घरी आलो तर शौचालयाचं पाणी तुंबलेलं. बहिणीला आठवा महिना होता आणि पहिल्या बाळंतपणाला ती रविवारी यायची होती. वडिलांनी मला गोठ्यामागे नेलं आणि सगळी हकीकत सांगितली: पहिला खड्डा भरला होता आणि चेंबर उघडायचं तर मायचा ओटा फोडावा लागणार होता.

"मंग सांगा की मायला," मी म्हणालो.

"तू सांग. तू शिकलेला हाईस."

मी साफ नकार दिला. मग त्यांनी बांबू घालून पाहिला, वीस घागरी पाणी ओतून पाहिलं. शेवटी जेवताना हळूच म्हणाले, "पोरीचं बाळंतपण सासरीच केलं तर? तिकडं दवाखाना जवळ हाय."

मायने भाकरी थापायची थांबवली. "पहिलं बाळंतपण सासरी? गाव काय म्हणंल? आन् आल्यावर तिला रानात पाठवू काय टमरेल घेऊन? रविवारच्या आत दुरुस्त करा, न्हाईतर तुमी रानात राहायला जा."

मला वडिलांचा राग येत होता आणि हसूही येत होतं. शुक्रवारी त्यांनी कसंबसं तालुक्याच्या साहेबांना बोलावलं. माय ओट्यावर कुरडयांच्या मधोमध बसली होती. पाहुणा म्हणून तिने साहेबांना चहा आणि तळलेल्या कुरडया दिल्या. साहेबांनी दोन खाल्ल्या, तिसरी हातात घेतली आणि फाइल उघडली. नकाशा सुलटा केला, उलटा केला. मग टेपचं एक टोक शौचालयाच्या भिंतीला धरायला मला दिलं आणि दुसरं घेऊन मोजत निघाले. मोजत मोजत ते मायच्या गुडघ्याशी येऊन थांबले.

"ताई, जरा उठता का?"

"कामून?"

"चेंबर तुमच्या खाली आहे."

वडील म्हशीकडे निघाले. मायने टेपकडे पाहिलं, कुरडयांकडे पाहिलं. साहेब घाईघाईने म्हणाले, "झाकण हवाबंद आहे, ताई. वर सिमेंट आहे. नियमात आहे, काही भीती नाही." पण हातातली कुरडई त्यांनी हळूच बशीत ठेवली.

"थांबा," माय वडिलांना म्हणाली.

वडील थांबले. आता कुरडयांवरून आकाशपाताळ एक होणार म्हणून मी टेप सोडून मागे सरकलो. पण कुरडयांचं ती बोललीच नाही.

"म्हंजे तुमी माझ्यासाठी ओटा केलाच न्हाई," ती म्हणाली. "चार वर्षं समद्या गल्लीला सांगायलेय मी, मालकांनी हौसेनं बांधून दिला म्हणून."

मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

दुपारी ओटा फोडला. मिस्त्रीने वीट बदलली आणि पाणी दुसऱ्या खड्ड्यात गेलं, पाच मिनिटांचं काम. रविवारी बहीण आली आणि तिला काही कळलंही नाही. फोडलेली जागा मायने तशीच उघडी ठेवायला लावली, झाकणावर तेलरंगाने मोठ्या अक्षरांत 'चेंबर' लिहून. ते वडिलांनाच लिहावं लागलं.

मग वडिलांनी कोणालाही न सांगता विटा आणल्या. मायने पुस्तिका मला वाचायला लावली आणि विहिरीला जेवढं अंतर तेवढंच ओट्यालाही हवं असं ठरवून टाकलं. चेंबरपासून दहा मीटर मोजले तर टेप लिंबाखाली, वडिलांच्या बाजेवर संपला. बाज निमूट गोठ्यात गेली. या वेळी मिस्त्री नव्हता. वडिलांनी स्वतः थापी धरली आणि महिनाभर ओटा बांधला. तो एका बाजूला इतका उतरता झालाय की लिंबोळी पडली की थेट अंगणात जाते.

आता बहिणीच्या लेकीला माय त्यावरच तेल लावते. बाजूला सांडगे वाळत असतात आणि घरंगळतात, म्हणून वडील सकाळपासून उतरत्या बाजूला हात आडवा धरून बसलेले असतात. शेजारणी हसतात, ओटा वाकडा झाला म्हणतात.

"होऊ द्या," माय म्हणते. "माझ्यासाठीच केलाय. मी सोता खणून बघितलं, खाली काई न्हाई."