थोरल्या साडूंचे दोन कॅमेरे

एकटी वस्तू चांगली की वाईट, हे ब्रह्मदेवालासुद्धा सांगता यायचं नाही, असं आमच्या थोरल्या साडूंचं मत होतं, आणि ब्रह्मदेव कधी तासगावच्या बाजारात उतरला असता तर साडूंनी ते त्याला तोंडावर सांगितलं असतं. थोरले साडू म्हणजे माझ्या बायकोच्या थोरल्या बहिणीचे, आक्कांचे, यजमान. तासगावात त्यांचं बेदाण्याचं अडत दुकान होतं. पंचवीस वर्षं त्यांनी एकच काम केलं. एका ताटलीत या शेतकऱ्याचा बेदाणा, दुसऱ्या ताटलीत त्या शेतकऱ्याचा, दोन्ही ताटल्या शेजारी ठेवायच्या, मान तिरकी करून बघायचं, दोन-दोन दाणे दाताखाली टाकायचे आणि निकाल द्यायचा. निकाल असा पक्का की, त्यांनी ‘हा’ म्हटलेला माल व्यापारी डोळे झाकून उचलत. पण त्यापायी त्यांच्या डोळ्यांना जोडीची सवय जडली होती. शेजारी दुसरं काही ठेवल्याशिवाय त्यांना पहिलं दिसतच नसे.

चहा प्यायचे तो दोन टपऱ्यांवरचा, अर्धा-अर्धा कप. साताऱ्याला आमच्याकडे यायचे ते विट्यावरून, परत जायचे कराडवरून, आणि आल्यावर पहिला तासभर दोन्ही रस्त्यांचे खड्डे आमच्या सोप्यात शेजारी-शेजारी मांडले जात. एकदा त्यांनी दोन वेगवेगळ्या चांभारांकडून दोन जोड चपला करून घेतल्या आणि डाव्या पायात याची, उजव्या पायात त्याची घालून महिनाभर बाजारात हिंडले. लोक हसले तर म्हणायचे, पाय दोन दिलेत देवानं, तर दोन जोड पाळीपाळीनं कशाला झिजवायचे? माझ्या लग्नाच्या वेळीही त्यांनी हेच केलं होतं. सकाळी कराडचा एक मुलगा बघितला आणि दुपारी साताऱ्याला येऊन मला बघितलं. तो दुसरा कोण होता आणि मी किती फरकानं निवडून आलो, हे त्यांनी मला कधी सांगितलं नाही. बायकोला ठाऊक आहे. भांडण झालं की तिच्या अगदी ओठांवर येतं, पण ती थांबते.

अशा माणसाच्या हाती आमच्या धाकट्या मेहुणीचं नशीब गेलं. सुनंदा तिचं नाव. ती आक्कांकडे तासगावात राहायची आणि रोज एस.टी.नं सांगलीला एका फोटो स्टुडिओत कामाला जायची. अंधाऱ्या खोलीत रोल धुवायचे, फोटो छापायचे, छापलेल्या फोटोवरचे पांढरे ठिपके बारीक ब्रशानं भरायचे, हे काम. दुसऱ्यांनी काढलेले फोटो धुता-धुता तिला स्वतः काढायची ओढ लागली. स्टुडिओचे मालक भले होते. ते म्हणाले, हळदीला, डोहाळजेवणाला बायकांच्यात पुरुष फोटोग्राफर नको असतो, तू स्वतःचा कॅमेरा घे, सगळी कामं तुला देतो. नव्वदच्या दशकाच्या मध्याची ही गोष्ट. आमच्या भागात गळ्यात कॅमेरा अडकवलेली बाई तोवर कुणी बघितली नव्हती. सासरे फौजेतून सुभेदार म्हणून पेन्शनीत आलेले. त्यांनी हुकूम काढला : कॅमेरा एकदाच मिळेल, एकच मिळेल, आणि निवड थोरले जावई करतील. दिवाळीपर्यंत निवड झाली तर ठीक, नाहीतर पोरीनं साताऱ्याला जाऊन टायपिंगच्या कामावर रुजू व्हावं. ते टायपिंगचं काम मीच आमच्या कचेरीत खटपट करून बघून ठेवलं होतं, त्यामुळे सुनंदा माझ्याशी त्या दिवसांत जेवढ्यास तेवढंच बोलायची.

गणपती गेले आणि साडूंनी दोन कॅमेरे पैदा केले. नवशिक्याला झेपतील असे, पण दोन्हींची जात निराळी. पहिला साताऱ्याच्या माझ्या शेजारी राहणाऱ्या हवालदारांचा. त्यांनी तो शांतिसेनेतल्या परदेशातल्या नेमणुकीवरून आणला होता. धातूचा, जड, गळ्यात घातला की मान आपोआप नम्र होई. त्यात सगळं आपण करायचं. आत एक बारीक काटा दिसायचा. तो मधोमध आला की उजेड बरोबर. मग पुढची कडी फिरवून चेहरा स्पष्ट करायचा, मग बटण. दुसरा विट्याच्या एका पाहुण्यांचा. ते मद्रासला सोनं गाळायचं दुकान चालवत, आणि हा कॅमेरा तिकडून आलेला. हलका, प्लास्टिकचा. बटण अर्धं दाबलं की घर्र करून चेहरा स्वतःच स्पष्ट करायचा आणि उजेड कमी पडला तर डोक्यावरचा फ्लॅश आपला आपण वर यायचा. फक्त त्याची बॅटरी पुण्याहून मागवावी लागे. दोन्ही मालकांनी साडूंच्या शब्दावर कॅमेरे आठ दिवसांसाठी बघायला दिले. पसंत पडेल तो घ्यायचा, दुसरा परत करायचा.

साडूंनी पहिली गोष्ट केली ती म्हणजे दोन्ही कॅमेऱ्यांवरच्या कंपन्यांच्या नावांवर जखमेला लावायची पट्टी चिकटवली. नाव वाचलं की डोळा लाच खातो, हे त्यांचं बाजारातलं तत्त्व. मग सुरू झाली तपासणी. हंगाम संपल्यामुळे त्यांची बेदाण्याची शेड रिकामी होती. हिरव्या जाळीतून चारी बाजूंनी सारखा उजेड येणारी. तिथं आक्कांना हातात ताटली देऊन उभं केलं आणि एकेका कॅमेऱ्यानं छत्तीस-छत्तीस फोटो काढले. बहात्तर फोटोंत आक्का वैतागलेल्या आहेत. साडूंचा प्रश्न एवढाच, की वैताग कुठल्या कॅमेऱ्यात जास्त खरा उतरला. दोन्ही गळ्यात घालून ते एस.टी.च्या मागच्या बाकावर बसून मुद्दाम विट्याला जाऊन आले, धक्के कुणाला सोसतात ते बघायला. ट्रॅक्टरच्या धुरळ्यात घेऊन गेले. थंड माठाशेजारी ठेवले, तापल्या पत्र्याखाली ठेवले. सासूबाई आठ दिवस मुलीकडे राहायला आल्या होत्या. त्यांनी हे सगळं बघून कॅमेऱ्यांची नावंच ठेवून टाकली. जड तो थोरला जावई, हलका तो धाकटा. थोरला स्वतःहून काही करायचा नाही, सगळं आपण फिरवून घ्यायचं, पण कुठं टाकला तरी मोडायचा नाही. धाकटा सांगितलेलं मुकाट्यानं करतो, फक्त वेळेवर खायला घातलं नाही की बंद पडतो. धाकटा जावई मी. माझ्या बायकोला ही वाटणी इतकी पसंत पडली की चहा हातात देताना ती ‘घ्या, बॅटरी’ म्हणू लागली.

आठ दिवसांचे पंधरा झाले, पंधराचा महिना झाला. दसरा गेला, घोंगडं भिजतच होतं. साडूंनी काढलेले रोल सुनंदा सांगलीला नेऊन, काम संपल्यावर धुवून, फोटो छापून आणायची. ते घेऊन साडू म्हणायचे, अजून एक रोल बघू. दिवाळीला बारा दिवस उरले तेव्हा टायपिंगच्या जागेसाठी होय की नाही विचारायला मला तासगावला जावं लागलं. मी पोचलो तेव्हा दुकानात सौदा चालला होता, पण बेदाण्याचा नव्हे. साडूंनी पाच व्यापारी बोलावून फोटोंचे दोन गठ्ठे दोन ताटल्यांत मांडले होते. आमच्या बाजारात भाव तोंडानं बोलत नाहीत. रुमालाखाली हातात हात घालून बोटं दाबतात, म्हणजे एकाचं बघून दुसरा बदलत नाही. तसंच इथं. पहिला गठ्ठा पसंत तर एक बोट, दुसरा पसंत तर दोन. पाच जण झाले, आणि साडूंनी जाहीर केलं की तीनाला दोन म्हणजे काही फरक नव्हे, पुन्हा एक रोल काढावा लागेल.

सुनंदा दारात उभी होती. ती सरळ आत आली आणि तिनं रुमालाखाली हात घातला. त्या दुकानात रुमालाखाली बाईचा हात पहिल्यांदाच आला असणार, कारण व्यापारी सुपारी चघळायचे थांबले. साडूंनी क्षणभर बघितलं आणि आपला हात पुढे केला. ती म्हणाली, “एक बोट दाबू का दोन, दाजी? ह्यातला एकबी फोटू मी काढल्याला न्हाई.”

रुमाल तिथंच ठेवून ती मागं घरात निघून गेली. व्यापारी एकेक करून उठले. मी आणि साडू दुकानाच्या पायरीवर येऊन बसलो. इतकी वर्षं मी त्यांना ओळखतो, पण त्यांची मान मी अशी खाली गेलेली बघितली नव्हती. मला वाटलं, आता ते काहीतरी बाजू मांडतील. ते म्हणाले, “पाव्हणं, माल पयल्या आठवड्यातच पसंत पडला हुता. त्यो जड. पर ठरवलं की दोनीबी जायाचं. एक तिच्याकडं, एक मालकाकडं. माझ्या हातात काय ऱ्हायचं? रोज वाटायचं, अजून एक दिस.” पन्नाशीच्या त्या माणसाला जन्मात पहिल्यांदा बेदाण्याखेरीज कशाचा तरी नाद लागला होता, आणि त्या नादाखाली पोरीचा हंगाम बुडत होता. त्यांना ते कळलं होतं, म्हणून तर लाज वाटत होती. मलाही वाईट वाटलं. त्यांच्यावर रागवायचं असंही मी ठरवून आलो होतो, ते राहूनच गेलं.

दुसऱ्या दिवशी गल्लीत एक डोहाळजेवण होतं. साडूंनी दोन्ही कॅमेऱ्यांत नवे रोल भरून ते सुनंदाच्या गळ्यात घातले आणि स्वतः रोलची पिशवी घेऊन तिच्या मागून निघाले. आत पुरुषांना मज्जाव. तेव्हा झुपकेदार मिशांचे आमचे साडू, मांडीवर लेडीज पिशवी घेऊन, दुपारभर त्या घराच्या ओट्यावर बसून राहिले. येणारी-जाणारी मंडळी विचारायची, इथं काय करताय? ते सांगायचे, कामावर आहे. आतून ओव्यांचा आणि हसण्याचा आवाज आला की उठून उभे राहायचे आणि पुन्हा बसायचे.

रोल धुऊन आले. साडूंनी दोन्ही गठ्ठे मांडले, पण या वेळी मान तिरकी केली नाही. सुनंदानं ते छापतानाच बघितले होते, तिनं गठ्ठ्यांना हातही लावला नाही. तिनं हवालदारांचा जड कॅमेरा उचलून त्यांच्यापुढं ठेवला आणि म्हणाली, “ह्यो परत द्या, दाजी. ह्यो थांबा म्हणतोय. बाया थांबत न्हाईत.” ओटी भरताना गरोदर बाईच्या आईचे डोळे भरून आले आणि तिनं लगेच पदर लावला. तेवढ्या वेळात काटा मधोमध आणायचा, कडी फिरवायची, म्हणजे डोळे पुसून होतात. पुढंमागं हात बसला की जमेल, पण तिला कामं आता करायची होती. बॅटरीचं ती बघून घेईल म्हणाली, पुण्याहून एकदम दोन मागवेल.

दिवाळीत सगळे सासुरवाडीला जमलो तेव्हा सासऱ्यांनी, सगळ्यांसमोर, खुर्चीत ताठ बसून विचारलं की निवड झाली का आणि कुणी केली. साडूंना ‘मी’ म्हणून मोकळं होता आलं असतं. सासऱ्यांचा हुकूमच तसा होता. शेजारच्या गावचे चार बागायतदारही फराळाला बसले होते, ज्यांचा माल दरवर्षी साडूंच्या डोळ्यावर विकला जायचा. साडू उठून उभे राहिले. “निवड पोरीनं केली, मामा,” ते म्हणाले. “पंचवीस वर्सं माल पारखला म्या, पर ह्यात माझी पारख चुकली. म्या दुसराच म्हणत हुतो. तिची बराबर हाय.” बाजारात नजरेवर जगणाऱ्या माणसानं आपली नजर चुकली असं चारचौघांत म्हणणं म्हणजे काय, ते तासगावात राहिल्याशिवाय कळायचं नाही. सासरे फक्त ‘ठीक’ म्हणाले. टायपिंगची जागा मी दुसऱ्या दिवशी दुसऱ्या कुणाला तरी सांगून टाकली. असा माणूस माझा साडू आहे, याचा मला त्या दिवशी जो अभिमान वाटला, तो आजही तसाच आहे.

जड कॅमेरा परत द्यायला ते साताऱ्याला आले ते तुळशीच्या लग्नानंतरच्या पहिल्या मुहूर्ताला. त्याच दिवशी विट्यात एका लग्नात सुनंदा पहिल्यांदा स्वतःच्या कॅमेऱ्यानिशी उभी राहणार होती. त्यांच्या घरचे सगळे तिकडे गेले होते. हे का गेले नाहीत विचारलं तर म्हणाले, मी असलो तर ती माझ्याच तोंडाकडं बघत बसेल. आम्ही शेजारी हवालदारांकडे गेलो. हवालदार म्हणाले, राहू द्या की अजून थोडे दिवस, इथं ट्रंकेतच पडून असतो. साडूंनी मान हलवली. मग जरा घुटमळून विचारलं, “एकदा वाजवू का?” आत रोल नव्हता. हवालदार म्हणाले, वाजवा की. साडूंनी कॅमेरा डोळ्याला लावला, काटा बघितला, कडी हळूहळू फिरवली. अंगणात टेकवलेली सायकल, दोरीवरचा हवालदारांचा खाकी शर्ट, मी, सगळ्यांवरून एकदा फिरून आले आणि बटण दाबलं. मग कॅमेरा चामड्याच्या पिशवीत घालून, तिची दोन्ही बटणं लावून, दोन्ही हातांनी हवालदारांना दिला.

स्टँडवर जाताना रिक्षात त्यांनी मला किती वाजले विचारलं. साडेबारा झाले होते. “आता अक्षता पडत्याल,” ते म्हणाले. “ऊन डोक्यावर, मांडवात सावली. बाहेरच्या उजेडानं फ्लॅश आपसूक वर यायचा न्हाई, तिनं हातानं लावला असंल न्हवं?” मी म्हणालो, लावला असेल. “व्हय. लावला असंल. शाणी हाय ती.” त्यानंतर स्टँड येईपर्यंत ते बाहेर बघत राहिले. मांडीवर ठेवलेल्या उजव्या हाताचं एक बोट मात्र मधूनच हळूच दाबलं जात होतं.