दम ऐकणारा बाप

चंद्रप्रकाश घाडी हे नाव फक्त रेशनकार्डावर. जोगेश्वरीच्या चाळीत तो चंदूदादा, मरोळच्या छापखान्यात कटिंग मशीनवरचा घाडी, आणि मैदानावर पाणीवाला. पन्नाशी उलटलेला माणूस रोज संध्याकाळी मुलींच्या कबड्डी संघाला पाण्याच्या बाटल्या पुरवतो म्हटल्यावर लोक हसणारच, आणि लोक हसायचे. तो हसू द्यायचा. एकेकाळी स्वतः खेळायचा, गुडघा गेला म्हणून सुटलं, आता पोरीच्या निमित्ताने हौस भागवतोय, असं सगळ्यांनी परस्पर ठरवून टाकलं होतं. त्याला तेच हवं होतं. खरं कारण कोणाला कळता कामा नये, एवढ्यासाठी तर तो चार वर्षं बाटल्या वाहत होता.

खरं कारण म्हणजे त्याची पोरगी दिशा. अकरा वर्षांची असताना तिला शुगर निघाली. म्हाताऱ्यांना होते ती नव्हे. ही टाइप वन, शरीरात इन्शुलिन बनणंच बंद, म्हणजे दिवसातून चार-चार वेळा टोचून घ्यायचं आणि ते जन्मभर. तेव्हा चाळीतल्या बायका घरी येऊन काय काय बोलून गेल्या ते सुलक्षणा, दिशाची आई, अजून विसरलेली नाही. पोरीला गोड फार भरवलंस, एकीने सांगितलं. दुसरी म्हणाली, लग्नाचं कसं करणार गं हिच्या. त्या रात्री नवराबायकोने ठरवलं की आता हा विषय घराबाहेर जाणार नाही. कोणी विचारलं तर पोरगी बरी झाली, औषध लागू पडलं, संपलं.

पण बरी कसली होणार. आणि वर पोरगी निघाली बापाच्या वळणाची. पंधराव्या वर्षी दुसऱ्या वस्तीतल्या एका संघात घेतलं होतं तिला; तिथे बिचारीने खरं सांगितलं, तर आठवड्यात नाव कापलं. मैदानात काही झालं तर जबाबदारी कोणाची, एवढाच प्रश्न त्यांनी विचारला. म्हणून घराजवळच्या या संघात आल्यावर त्याने कानाला खडा लावला. प्रशिक्षक नंदू सरांना त्याने सांगितलं, पोरीला ॲसिडिटी आहे, मधूनमधून काहीतरी खावं लागतं. नंदू सरांनी मान डोलावली आणि विसरून गेले.

आता खेळताना शुगर सांभाळायची म्हणजे काय, हे ज्याच्या घरात आहे त्यालाच कळतं. दुपारच्या जेवणाचं इन्शुलिन सरावाच्या दिवशी कमी घ्यायचं. निघताना केळं. मीटरवर रक्ताचा थेंब टाकायचा, एकशेचाळीस-दीडशे असेल तर मैदानात पाय ठेवायचा. अर्ध्या तासाने पत्र्याच्या शेडमागे जाऊन पुन्हा थेंब. आणि हे सगळं करूनही शुगर आपल्या मर्जीची. तासभराच्या सरावात ती घरंगळत खाली येते, आणि मॅचच्या दिवशी, नुसत्या टेन्शननेच, उलटी वर चढते. आज जमलं ते उद्या जमेल याची खात्री नाही. चंदूदादाचा जीव त्या चार वर्षांत कायम टांगणीला.

पण त्याला एक गोष्ट सापडली होती. कबड्डीत चढाईला जाणाऱ्याने सतत मोठ्याने 'कबड्डी कबड्डी' म्हणायचं असतं, त्याला दम म्हणतात. तो तुटला की खेळाडू बाद. दिशाचा दम खणखणीत. पण शुगर सत्तरच्या खाली जायला लागली की त्या दमातली 'ड्डी' बोथट व्हायची. हात थरथरायच्या आधी, घाम फुटायच्या आधी, तिला स्वतःला कळायच्याही आधी. पहिल्यांदा त्याला वाटलं भास आहे. मग त्याने पंचवीस-तीस वेळा ताडून पाहिलं. ड्डी गेली की मीटर हमखास साठ-पासष्ट दाखवायचा. तेव्हापासून तो रेषेलगत बाटल्या घेऊन बसायचा, डोळे मिटून, आणि ऐकायचा. ड्डी बोथट झाली की उठून ग्लुकोजची बाटली पुढे करायचा. लोकांना वाटायचं, पाणीवाला पेंगतोय.

ही विद्या त्याने एकट्या दिशाला सांगितली, बाहेर कोणालाही शिकवली नाही. शिकवणार कशी, सांगावं लागलं असतं ना.

दिशा एकोणीसची झाली आणि उपनगरच्या जिल्हा संघाची निवड आली. दहिसरच्या मैदानावर स्पर्धा, निवड समितीची माणसं खुर्च्या टाकून बसणार. जिल्ह्यातून राज्य, राज्यातून खेळाडूंच्या कोट्यातली नोकरी. छापखान्यात कागद कापणाऱ्या माणसाच्या पोरीला दुसरा कुठला रस्ता होता? दिशाने महिनाभर आधी बापाकडून शपथ घेतली. काहीही झालं तरी तिथे शुगरचा शब्द काढायचा नाही. त्याने तिच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली.

पहिली माती तिथे खाल्ली ती त्याने स्वतः. मॅचच्या तासभर आधी मीटरवर दोनशे शहाण्णव. दिशा म्हणाली, हे टेन्शनचं आहे बाबा, खेळायला लागले की उतरेल. बरोबरच होतं तिचं. डॉक्टरीणबाईंनी हेच दहा वेळा सांगितलं होतं, मॅचच्या तोंडावर चढलेल्या शुगरच्या मागे इन्शुलिन घेऊन धावू नका. पण गेल्या वर्षी अशाच वाढलेल्या शुगरने तिचे पाय जड पडले होते आणि ती पहिल्याच पकडीत गेली होती. ते त्याच्या डोळ्यांसमोरून जाईना. त्याने हट्ट धरला, दोनच युनिट घे. उभ्या टेम्पोच्या आडोशाला, कोणी बघेल या धास्तीने, पोटाऐवजी मांडीत टोचलं तिने. ज्या पायांनी पळायचं त्यात टोचायचं नसतं, इन्शुलिन भसाभस चढतं, हेही त्याला ठाऊक होतं. पण त्या घडीला सुचलंच नाही. आणि वर मॅच अर्धा तास उशिरा सुरू झाली.

मग दुसरी गंमत. दारावरच्या स्वयंसेवकाने सांगितलं, आत फक्त खेळाडू आणि प्रशिक्षक, पाणीवाला बांबूच्या पलीकडे. चंदूदादाने हातापाया पडून बघितलं, काही चाललं नाही. शेवटी निळ्या झाकणाची ग्लुकोजची बाटली नंदू सरांच्या हातात देऊन म्हणाला, ही फक्त दिशाला द्या. सरांनी ती बाकीच्या बाटल्यांत ठेवली. मध्यंतराला तेजल, डाव्या कोपऱ्यावर खेळणारी पोरगी, धापा टाकत आली, हाताला लागली ती बाटली उचलली आणि घटाघटा रिकामी केली. चंदूदादा बांबूमागून बघत होता. तिचा तरी काय दोष? तिच्या लेखी ती पाण्याची बाटली होती. सगळ्यांच्याच लेखी होती, कारण त्यानेच चार वर्षं तसं ठेवलं होतं. खिशात ग्लुकोजची पुडी होती, पण ती फेकणार कोणाकडे, आणि काय सांगून?

उत्तरार्ध सुरू झाला. कर्ण्यावर समालोचक नुसता कोकलत होता, मागे कोणीतरी ताशा बडवत होतं, आणि चंदूदादाला दम ऐकू येईना. माणसाचा एकच शहाणा अवयव असावा आणि नेमका तोच निकामी व्हावा, तसं झालं. तो तिच्या ओठांकडे बघत राहिला. ओठांवरून काय कळणार, कप्पाळ. तीन चढायांत तिने तीन गुण आणले, लोक नाचले, निवड समितीतल्या एका बाईंनी कागदावर काहीतरी लिहिलं. क्षणभर त्यालाही वाटलं, निभावलं बहुतेक.

पाच मिनिटं उरली असताना पंचाने दिशाला बाद दिलं. दम तुटला म्हणून. आणि दिशा, जी आयुष्यात कधी पंचाला उलटून बोलली नव्हती, ती त्याच्या अंगावर धावून गेली, हात नाचवत भांडायला लागली. लोकांना वाटलं, पोरगी तापली. चंदूदादाने ओळखलं. घरीही ती अशीच भांडायची, काही कारण नसताना, शुगर पन्नासच्या घरात आली की. तो ओरडला, नंदू सर, टाइम घ्या. ताशात ते विरून गेलं. तो बांबूखालून आत घुसला, तर दोघांनी धरून बाहेर ढकललं. मिनिटाभराने तिच्या संघाने गुण मिळवला आणि दिशा परत आत आली. चालताना तिचा पाय रेषेवरून पुढे गेला आणि ती भलत्याच बाजूला तोंड करून उभी राहिली.

शपथ होती. डोक्यावर हात ठेवून घेतलेली. हा शब्द उच्चारला तर निवड गेली, नोकरी गेली, आठ वर्षं जपलेलं सगळं मातीत. आणि नाही उच्चारला तर पोरगी इथेच, सगळ्यांच्या डोळ्यांदेखत पडणार, झटके येणार, आणि लोक फिट समजून नाकाशी कांदा धरत बसणार. चंदूदादाने विचार केला असं म्हणवत नाही. तो गुडघा गेलेला माणूस व्यासपीठाच्या पायऱ्या चढला आणि समालोचकाच्या हातातला माइक त्याने हिसकावला. एरवी चाळीत शुद्ध बोलणारा माणूस, पण त्या वेळी तोंडातून गावची मालवणीच आली.

"थांबवा ओ मॅच. माझ्या चेडवाक शुगर आसा. लहानपणापासून आसा. साखर उतारली तिची, कोणीतरी धरा तिका."

ताशा थांबला. सबंध मैदान तिच्याकडे बघायला लागलं. तेजल सगळ्यांत आधी धावली, तिनेच तिला धरलं. चंदूदादा पोचला तेव्हा दिशा मातीत बसली होती, घामाने निथळत. त्याने पुडी फोडून ग्लुकोज तिच्या तोंडात घातलं, मग मीटर लावला. त्रेचाळीस. दहा मिनिटांनी तिची नजर जागेवर आली. तिने आजूबाजूला जमलेली माणसं बघितली, खुर्च्यांवरची समिती बघितली, आणि मग बापाकडे बघितलं.

"सांगितलंस ना शेवटी," ती म्हणाली.

मॅच दोन गुणांनी गेली. आठ दिवसांनी यादी लागली, तिच्यात तेजलचं नाव होतं, दिशाचं नव्हतं. कारण कोणी दिलं नाही, आणि विचारायची हिंमत घाडींच्या घरात कोणाला झाली नाही. दिशा बापाशी बोलायची बंद झाली. एकदाच बोलली, मैदानावर यायचं नाहीस म्हणून. सुलक्षणा मधे पडायला गेली, तर तिच्यावरही खेकसली. चंदूदादा छापखान्यातून येऊन चाळीच्या गॅलरीत स्टूल टाकून बसायला लागला. मैदान तिथून दिसत नाही, इमारत आड येते, पण आवाज येतो. तेवढ्यावर तो जगत होता. खिशात पुडी असायचीच. मनाशी एकच घोकायचा, दोन युनिट कशाला दिली मी, कशाला दिली.

गॅलरीतल्या अकराव्या संध्याकाळी सराव रंगात आला होता. एकेकीचा दम येऊन जात होता आणि त्यातून तो दिशाचा वेगळा काढत होता. पहिल्या दोन चढाया खणखणीत. तिसरीत ड्डी बोथट. त्याला वाटलं वारं असेल. पुन्हा आली, आणखी बोथट. तो उठला, एक चप्पल सापडली, दुसरी सापडेना, तसाच जिन्याकडे निघाला. इथून मैदान चार मिनिटं, या गुडघ्याने सहा. सहा मिनिटांत काय होतं ते त्याने दहिसरला बघितलं होतं.

दोन पायऱ्या उतरला असेल, तोच मैदानावरून तेजलचा आवाज आला. "ए दिशा, थांब गं. ड्डी गेली तुझी. शुगर बघ." आणि तिच्या पाठोपाठ पाच-सहा पोरींनी एकच गलका केला, शुगर, शुगर, दिशाची शुगर. दम बंद झाला. सगळ्या चाळीला ऐकू गेलं.

ड्डीचं या पोरींना कुणी सांगितलं? त्याने स्वतः एकाच माणसाला सांगितलं होतं.

शेजारची श्वेता दारात येऊन विचारायला लागली, काय हो चंदूदादा, कसला आरडाओरडा. आठ वर्षांत अशा प्रश्नाला त्याने किती थापा मारल्या असतील. तो जिन्यावरच बसला.

"आमच्या दिशाची शुगर उतरली असेल," तो म्हणाला. "बघतायत पोरी."

आणि मग त्याला रडू आवरेना. श्वेता गडबडली, पाणी आणायला आत गेली. दहा-बारा मिनिटांनी मैदानावरून पुन्हा दम ऐकू आला, ड्डी स्वच्छ होती. चंदूदादाने तो शेवटपर्यंत ऐकला. पुडी मात्र हातातून खाली ठेवली नाही.