भीतीनं दिलेले विषय

आधी आक्कांचं सांगते, मग माझं. आमच्या वाचनालयाच्या त्या ग्रंथपाल. त्या नसत्या तर मी आज परभणीकडं, भावाच्या दारात परत उभी असते.

नवरा गेला आणि इथं खासबागेतली भाड्याची खोली तेवढी राहिली. मी वाचनालयात झाडलोट करायचे. शाळा आठवीत सुटलेली. पुस्तकांच्या नोंदी कॉम्प्युटरवर चढवायला माणूस मिळेना, तेव्हा आक्कांनी मला बसवलं. कमिटी म्हणाली, महिनाभर बघू. नाही जमलं तर दोन्ही कामांना मिळून दुसरं कुणीतरी घेऊ.

पुस्तक कशाबद्दल आहे ते ठरवून त्याला विषय द्यायचा, म्हणजे शोधणाऱ्याला ते सापडतं. एखादा विषय राहिला तर? या धास्तीनं मी दिसेल ते लिहायचे. उसाच्या पुस्तकात एका पानावर बैल आला, की बैलही.

एक दिवस वडगावची बाई आली. घरात यंत्रमाग.

"मालकास्नी ऐकूच येईना झालंय. कानाचं कायतरी पुस्तक बघा की."

मी 'कान' टाकलं. दागिने आले, कुत्री आली, घोडे आले, बारशाचे विधी आले. यादी संपेना. बाई घड्याळाकडं बघत राहिली.

"ऱ्हाऊ दे, माग बंद ठेवून आलोय," म्हणाली आणि गेली.

मागाच्या आवाजानं येणाऱ्या बहिरेपणाचं पुस्तक कपाटातच होतं. मीच चढवलेलं.

मोरीत जाऊन रडले. आता गावाकडची गाडी, दुसरं काय! आक्का मागून आल्या.

"हे सगळं तू लिवलंस, का तुझ्या भीतीनं?"

"काही राहू नये म्हणून, आक्का..."

"ताटात सगळा डबाच पालथा केलास, तर जेवणारा काय खाईल गं? पुस्तक मिट. ते न्यायला कोण येईल, त्याचं तोंड डोळ्यांपुढं आण. त्याला लागंल तेवढंच लिव."

त्या बाईचं तोंड तर डोळ्यांपुढून हलतच नव्हतं. मी लिहिलं : बहिरेपणा – यंत्रमाग कामगार. बाकीचं पुसलं.

दुसऱ्या दिवशी आक्का ते पुस्तक पिशवीत घालून वडगावात मागाचा आवाज येईल त्या दारात विचारत फिरल्या. बाई सापडली नाही. अजून आलेली नाही.

आक्कांनी शब्द टाकला म्हणून कमिटीनं मला आणखी मुदत दिली. मुदतच ती, पुढचं कोण सांगणार? त्यात आक्का आता निवृत्त व्हायच्या आहेत.

पण एक दिवस त्या वाचक म्हणून येतील, काउंटरवर हात टेकून काहीतरी अर्धवट विचारतील. तेव्हा त्या खुर्चीत मी असेन, आणि आक्का, तुम्ही बसायच्या आत पुस्तक तुमच्या हातात देईन. तेवढं तरी फेडीनच.