चौथ्या मोहाखालचा पाला

हे मी आजवर कुणाजवळ बोलले नाही. नवऱ्याजवळ नाही, नणंदेजवळ नाही – आणि खरं तर त्या दोघांनाच आधी सांगायला हवं होतं, त्या दिवशी ती दोघं माझ्यासोबतच होती. तुम्हाला का सांगते आहे? तुम्ही मला ओळखत नाही, म्हणून असेल.

माझं माहेर धानोऱ्याकडचं, सासर घुग्घुसचं. घुग्घुसला मोगऱ्याचं फूलही झटकून घ्यावं लागतं, इतकी कोळशाची धूळ. त्यामुळे दर वर्षी मी घरात टुमणं लावते – पळस फुलला असेल, माझ्याकडचं रान बघायला चला. त्या वर्षी नवरा कधी नव्हे तो हो म्हणाला. नागपूरची नणंद आलेली होती, तीही निघाली. गडचिरोली मागे पडलं आणि दोन्ही बाजूंनी पळस असा पेटलेला – पेटलेला. बघा, शब्दही हाच आला तोंडात.

धानोऱ्याच्या अलीकडे एका मोहाच्या झाडाखाली एक म्हातारी बाई फुलं वेचत होती. आम्ही गाडी थांबवली. तिने ओंजळभर मोहफुलं नणंदेच्या हातात घातली. झाडाखालचा पाला तिने झाडूने बाजूला सारला होता. माझी आई तो जाळायची. जमीन मोकळी झाली की फुलं नीट दिसतात, आमच्याकडे सगळेच जाळायचे. मी तसं बोलले, तर ती हसली.

"आता नाई जाळत माय. गावानं ठरवलं. जो जाळन, त्याचे झाडं दुसऱ्याले देतेत. मले तं चारच हायेत."

तिने बोटाने चारही दाखवले. तीन झाडून झाले होते. चौथा नुकताच गळायला लागलाय, त्याच्याखाली उद्या झाडते म्हणाली आणि टोपली डोक्यावर घेऊन घराकडे गेली. नवरा आणि नणंद पळसाचे फोटो काढायला रस्त्यापलीकडे खाली नाल्यात उतरले. मी एकटी उरले. मी, आणि चौथ्या मोहाखालचा पाला.

इथे मला म्हणता आलं असतं, की म्हातारीचं काम हलकं करावं असं मनात आलं. बरीच वर्षं मी स्वतःला तेच सांगत आले. पण ते खोटं आहे. नणंद सकाळपासून एकेका फुलाचं नाव फोनमध्ये बघून मलाच शिकवत होती. मला, त्या रानात वाढलेल्या बाईला! ती वर येईल तेव्हा जमीन स्वच्छ असावी आणि मी म्हणावं, बघ, आमच्याकडे असं करतात. एवढंच होतं. नवरा सिगारेट ओढतो, काडेपेटी गाडीतच होती.

आई आधी पाला सगळीकडून आत ओढून घ्यायची. मग हातात ओली फांदी घेऊन उभी राहायची. मला हे आठवलं – पण काडी टाकल्यावर.

वारा सुटला. आग उताराकडे, बांबूच्या बाजूला सरकली. मी फांदी मोडून बडवलं, चपलेने बडवलं. हाक मात्र मारली नाही. का नाही मारली? दोघं धावत आली असती, तिघांनी मिळून कदाचित विझलीही असती. पण मग काडी कुणी लावली, हे सांगावं लागलं असतं ना. मी गाडीत जाऊन बसले आणि हात पुसले.

वर येता येता नवऱ्याने धूर पाहिला. मोहासाठी जाळतातच हे लोक, म्हणाला. मी हो म्हणाले.

दुपारी त्याच रस्त्याने परतलो. सगळा उतार काळा पडला होता. जंगलखात्याचा माणूस उभा होता, गावातली दहाबारा माणसं होती, आणि मधोमध ती, हातात झाडू. तिने आमची गाडी ओळखली. अक्षरशः धावत आली. तिचा तो चेहरा – साक्षीदार सापडल्यासारखा झाला होता.

"या बाईले इचारा. इनं पाह्यलं मले झाडतानी. सांग ना माय."

मी काच खाली केली. एरवी सासरी कधी न बोललेली माहेरची बोली माझ्या तोंडातून निघाली. मी खरी वाटावी म्हणून, दुसरं काय?

"सकाळी झाडतानी पाह्यलं. मंग आमी निंगून गेलो. मांगचं मले मालूम नाई."

ती माझ्याकडे बघत राहिली. गाडीला वाट मिळावी म्हणून बाजूला सरकली.

पुढच्या वर्षी मी बसने एकटीच गेले. सगळं सांगायचं ठरवून गेले होते. त्या चार मोहांखाली दुसरीच एक बाई वेचत होती. आधीच्या आजी कुठे आहेत, असं तिला विचारलं.

"तिचे झाडं आता आमच्याकडं आले. बुढीनं रान जाळलं होतं ना. कबूल नाई करत पण. अजूनई म्हणते, गाडीवाल्या बाईले इचारा."

घर कुठलं, तेही तिने हात करून दाखवलं. फार लांब नव्हतं. मी "अस्सं का" म्हणाले आणि रस्त्यावर येऊन परतीच्या बसची वाट बघत उभी राहिले.

आग मी लावली होती.