दव वाळेपर्यंत

अकरा वर्षं आम्ही नवराबायको ऊसतोडीला गेलो. यंदा दिवाळीनंतर टोळीचा ट्रॅक्टर निघाला, तेव्हा मी चढलेच नाही. युसूफ वडगाव या आमच्या गावच्या शिवारातल्या तुकड्यात कांदा लावला होता आणि एक हिवाळा तरी मला स्वतःच्या घरात काढायचा होता. नवरा थांबला, पण अट घालून. "कांदा गेला तर संक्रांत करून टोळी गाठायची. मंग रडायचं न्हाई."

थोड्याच दिवसांत पात बिघडली. भिजल्यासारखे लांबट डाग, मग पिवळी पट्टी, मग पात मोडून लोळायची. सगळे म्हणाले, करपा, म्हणजे बुरशी. त्याचं औषध दोनदा मारलं, तरी डाग वाढतच गेले. माझं डोकं फिरलं. करपा मी ओळखते. त्याचा डाग जांभळट, वर काळी भुकटी, बोटाला लागणारी. इथे बोट कोरडंच निघत नव्हतं, पात बुळबुळीत होती. दोन रोपं मुळासकट उपटली आणि केजचं कृषी कार्यालय गाठलं.

तिथल्या बाईंनी पात उजेडात धरली. "हा जिवाणूंचा रोग आहे. बुरशीचं औषध त्याला काय करणार?" कॉपरच्या औषधानं थोडं आवरतं, पण आधी पसरणं थांबवा, म्हणाल्या. तुषार सिंचन बंद, युरिया बंद. मग विचारलं, "खुरपायला किती वाजता जाता?"

"तांबडं फुटायच्या आत," मी तोऱ्यात सांगितलं.

"म्हणजे पात दवानं ओली असताना. रोग तुमच्याच हातांनी आणि पदरानं वाफ्यावाफ्यात फिरतोय."

मी कानकोंडी झाले. उसाच्या फडात अंधारात उतरायचं, उशीर झाला की मुकादमाच्या शिव्या खायच्या. त्या सवयीचा मला केवढा गर्व होता!

दव वाळेपर्यंत वावरात पाय ठेवायचा नाही, असं मी घरात बजावलं. सासू कावली. "उन्हं वर आली अन् बसलीस का गं? लोकं काय म्हनतील?"

"म्हनू द्या, आत्या. तुमी बी बसा."

ते बसणं उसाची मोळी उचलण्यापेक्षा जड गेलं. नवरा तुषारचे पाइप काढीना, तेव्हा मीच ओढून बांधावर टाकले आणि पाटानं पाणी दिलं. कॉपर मारलं. रोगट पात काढून वावराबाहेर खड्ड्यात पुरली. खालच्या अंगाचे वाफे तर उपटूनच टाकले, तेव्हा मात्र रडले. रोज दुपारी मधली कोवळी पात तेवढी निरखायची. एक दिवस ती स्वच्छ निघाली, दुसऱ्या दिवशीही तशीच.

संक्रांतीला मुकादमाचा फोन आला. नवऱ्यानं तो माझ्या हातात दिला.

"येताय नव्हं? जागा धरून ठिवलीय तुमची."

मी वावराकडे पाहिलं. जवळजवळ निम्मं रान मोकळं होतं.

"न्हाई येत," मी म्हणाले. "आमचा कांदा उभा हाय."

किती, ते त्यांनी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही.